पागोटे आणि पूर्वज

गेल्या माघ महिन्यात माझ्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. लग्नाच्या आदल्या आठवड्यात घरातील जुनी पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तीत धोतराच्या पानात गुंडाळलेले एक तांबडे पागोटे निघाले. ते माझ्या आजोबांचे. मुलगा म्हणाला, "बाबा, मी भाड्याचा फेटा बांधणार नाही, हेच बांधीन." मला आनंद झाला, पण तो फार वेळ टिकला नाही. आमच्या सोयरिकीतले एक वडीलधारे गृहस्थ त्या वेळी ओट्यावर बसले होते. माणूस मोठा सरळ. मनात येईल ते बोलणारा. ते म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. तुमच्या आजोबांचे कूळ कोणते हे तुम्हांलाही ठाऊक नाही. मग हे पागोटे तुमचे कसे? दुसऱ्याच्या वाड्यावर आपल्या नावाची पाटी लावण्यासारखे हे झाले."

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. सारा जन्म मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात घालविलेल्या माणसाला ही गोष्ट लाजिरवाणीच म्हणावयाची. परंतु हा प्रश्न एकट्या माझ्या घरचा नाही. ज्याला आपल्या पूर्वजांची निश्चित माहिती नाही, किंवा ज्याच्या घराण्यात अनेक कुळांचे धागे मिसळले आहेत, त्याने पूर्वजांचा म्हणून एखादा पोशाख अंगावर घालावा की न घालावा? आज ह्या प्रश्नाविषयीच आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम पागोट्याविषयी. हल्ली डोक्यावरच्या सर्वच वस्त्रांना सरसकट 'फेटा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आपल्या वाडवडिलांचा कान ह्या बाबतीत अधिक चोखंदळ होता. पगडी ही कारागिराने घडवून, शिवून तयार केलेली; ती टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवावयाची. पागोटे म्हणजे अरुंद आणि लांबच लांब कापड. ते दररोज नव्याने बांधावयाचे. फेट्याचे कापड त्याहून रुंद. रुमाल चौकोनी. आणि शेतावर जाताना माणूस जे कसेबसे गुंडाळून घेतो ते मुंडासे. पगडीतही पुणेरी, शिंदेशाही, होळकरशाही असे घाट होते. माणूस दुरून दिसला तरी तो कोणत्या मुलखाचा आणि कोणत्या दरबाराचा हे जाणता माणूस सांगे. पागोटे गहाण पडणे म्हणजे अब्रू जाणे, पागोटे दुसऱ्याच्या पायांवर ठेवणे म्हणजे त्याला शरण जाणे. तेव्हा आमच्या पाहुण्यांनी पागोट्याचा प्रश्न इतक्या गंभीरपणे घेतला ह्यात नवल नाही. पागोटे ही डोक्यावर धरलेली ओळखच होती.

आता आमच्या घराची ओळख कोणती ते सांगतो. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९–१९००, ह्या वर्षी गुजरात, राजपुताना आणि खानदेश ह्या मुलखांवर जो भयंकर दुष्काळ पडला, त्याला आमच्याकडील म्हातारी माणसे 'छपन्नचा काळ' म्हणत. चारापाण्याच्या शोधात गुरे हाकीत माणसांचे लोंढे मुलूख सोडून निघाले. त्यांतल्याच एका लोंढ्याबरोबर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा तापीच्या काठी येऊन पोहोचला. वाटेत त्याची आई गेली. एका गुजर शेतकऱ्याने त्याला घरी नेले, आपल्या मुलांच्या पंगतीत बसविले आणि आपल्या मुलांबरोबर वाढविले. ते माझे आजोबा. आईच्या मनगटावर गोंदण होते एवढे त्यांना आठवे. आईचे नाव आठवत नसे. आपण कोणत्या गावचे, कोणत्या जातीचे, घरी कोणती बोली बोलत असू, ह्यांपैकी त्यांना काही सांगता येत नसे. सांभाळणारे पुढे वारले तेव्हा दुखवट्याच्या दिवशी त्यांच्या मुलांना पागोटी बांधण्यात आली. शेवटचे पागोटे आजोबांच्या डोक्याला बांधले गेले. पेटीत सापडले ते हेच.

पुढे माझी आई आली ती वेगळ्या पोटजातीतली, आणि आता सून आली ती विदर्भातली. म्हणजे अनिश्चितताही आली आणि मिश्रणही आले. ज्या घराने आजोबांना आधार दिला त्या गुजर समाजाची परंपरा तरी काय सांगते? त्यांचेही पूर्वज उत्तरेकडून, गुजरातेच्या वाटेने ह्या मुलखात आले. ज्या मातीला आम्ही आपली म्हणतो तिचीही ओळख बदलत गेली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. आमचे पुरुषोत्तमनगर तर सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. "तुमचे मूळ गाव कोणते?" हा प्रश्न इथे कोणी कोणालाही विचारावा आणि प्रत्येक वेळी निराळे उत्तर ऐकावे.

आता घराबाहेर पाहू. अशाच प्रश्नाचे एक मोठे उदाहरण पानिपतच्या परिसरात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले हे मराठी माणसाला सांगावयास नको. त्या रणातून वाचलेले काही मराठे दक्षिणेत परत न येता तिकडेच राहिले आणि त्यांचे वंशज म्हणजेच आजचा रोड समाज, असे हरियाणातील ह्या समाजातील अनेक लोक अलीकडे अभिमानाने सांगतात. ते स्वतःला रोड मराठा म्हणवितात. काला आंब येथील युद्धस्मारकापाशी १४ जानेवारीला ते जमतात. भगवे फेटे बांधतात. छत्रपतींचा जयजयकार करतात. २०२१ च्या ७ ऑगस्टला तोक्यो येथे नीरज चोप्रा ह्या पानिपत जिल्ह्यातील तरुणाने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तो ह्याच समाजाचा असल्याचे कळून महाराष्ट्रात कोण आनंद झाला! चोप्रा हे मुळात चोपडे असावे, इथपर्यंत चर्चा गेली.

हा आनंद खोटा नव्हता. पण वंशाची गोष्ट तितकी सरळ नाही. त्याच समाजातील इतर परंपरा मूळ दुसरीकडचे सांगतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात तर रोड समाजाचे नाते वायव्येकडील आणि त्याही पलीकडच्या गवताळ मैदानांतील प्राचीन लोकांशी विशेष निकटचे दिसून आले. ह्यावरून त्यांच्यात मराठी रक्ताचा थेंबही नाही असे सिद्ध होत नाही. परंतु सगळाच्या सगळा समाज १७६१ साली दक्षिणेतून गेलेल्या सैनिकांपासून उत्पन्न झाला, असे छातीठोकपणे म्हणणे कठीण होते. मग त्या तरुणांनी काला आंबापाशी फेटा बांधू नये काय?

ह्या ठिकाणी मला माझ्या जुन्या धंद्याची सवय उपयोगी पडते. थोडे गणित करू. प्रत्येकाला आई-बाप दोन, आजे-आज्या चार, त्यांचे आई-बाप आठ. असे दुप्पट करीत गेले तर दहाव्या पिढीत पूर्वजांची संख्या १,०२४ होते. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर पानिपतचा काळ सुमारे तेवढाच दूर आहे. आपण ज्याला कूळ म्हणतो, आडनाव म्हणतो, ते ह्या १,०२४ जागांपैकी फक्त एका जागेचा माग सांगते: बापाचा बाप, त्याचा बाप. उरलेल्या १,०२३ जागांवर कोण होते? आपल्याकडे वंशावळी राखणारे लोक काही कमी नाहीत. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या टिपून ठेवतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी घरोघर जाऊन वंशावळ वाचून दाखवितात. त्यांची स्मृती आणि चिकाटी ह्यांपुढे मी हात जोडतो. तथापि त्यांच्या वह्यांतही मुख्यतः पुरुषांचाच धागा ओढलेला असतो. सुना म्हणून घरात आलेल्या बायका आपल्याबरोबर कोणकोणत्या कुळांचा वारसा घेऊन आल्या, त्याचा हिशेब क्वचितच सापडतो. तेव्हा 'मिश्र वंश' ही काही दुर्दैवी माणसांची अवस्था नसून, ती प्रत्येक माणसाची अवस्था आहे. फरक इतकाच की कोणाला ती ठाऊक आहे आणि कोणाला नाही.

हाच प्रश्न जगातील आणखी एका लोकसमूहाला पडलेला आहे, आणि त्यांची हकीकत फार बोधप्रद आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पुरुष गुडघ्यापर्यंतचे, चुण्यांचे, चौकटीच्या लोकरी कापडाचे वस्त्र नेसत. त्या वस्त्राला किल्ट म्हणतात आणि चौकटीच्या त्या नमुन्याला टार्टन. अमुक रंगांच्या चौकटी अमुक कुळाच्या, अशी आज समजूत आहे. स्कॉटलंडमधून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इकडे गेलेल्यांचे असंख्य वंशज आहेत; कोणाची फक्त एक आजी स्कॉटिश, कोणाजवळ नुसती घरातली दंतकथा. अशा माणसांना प्रश्न पडतो, 'आपण किल्ट नेसावा काय? आणि नेसावा तर कोणाच्या रंगाचा?'

आता त्या वस्त्राचाच वंश पाहा. १७४६ साली, डोंगराळ मुलखातील बंड मोडल्यानंतर, ब्रिटिश सरकारने कायदा करून ह्या पोशाखाला बंदी केली. मोकळीक ठेविली ती आपल्या सैन्यातील पलटणींना. अशाच हायलँडर पलटणी पुढे १८०३ साली आपल्या असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या. १७८२ साली बंदी उठली. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा तो स्वतःच किल्ट नेसला! ज्याच्या पणजोबाच्या कारकीर्दीत त्या वस्त्राला बंदी झाली, ज्याचे घराणे जर्मनीतील हॅनोव्हरहून आलेले, त्याने ते मोठ्या थाटाने मिरविले. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी त्या समारंभाची योजना केली होती. त्यानंतर प्रत्येक कुळाला आपला निश्चित नमुना हवासा वाटू लागला. १८४२ साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधारे म्हणून कुळवार नमुन्यांचा एक ग्रंथ छापला. हे दोघे भाऊ आपण पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज आहो असे सांगत. पुढे ते हस्तलिखितही बनावट ठरले आणि त्यांचा वंशही. परंतु त्या ग्रंथातील कित्येक नमुने आजही निरनिराळी कुळे आपले म्हणून अभिमानाने वापरीत आहेत.

ह्यावर हसणे सोपे आहे. मला मात्र त्यातून दोन गोष्टी निराळ्या करता येतात. त्या दोन भावांचा अपराध किल्ट नेसण्यात नव्हता. आपण राजाचे नातू आहो असे खोटे सांगण्यात होता. स्कॉटिश लोकांनी हा फरक ओळखला आहे असे दिसते. तेथे आज टार्टनच्या नमुन्यांची सरकारी नोंदवही आहे. पण कोणी कोणते टार्टन नेसावे ह्यावर कायद्याची बंदी नाही. ज्याला आपले कूळ ठाऊक नाही त्याच्यासाठी, रूढीने कोणासही चालतील असे मानलेले नमुने आहेत. माणूस त्यांतला एखादा घेतो आणि नेसतो. आपल्याकडे २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. तीही पगडी कोठे आणि कशी घडवावी एवढ्यापुरती आहे; ती कोणाच्या डोक्यावर बसावी हे ती सांगत नाही.

तर मग कोणीही काहीही घालावे, असे मी म्हणतो काय? नाही. येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी मी दरवर्षी मुलांना 'आदिवासी नृत्य' बसवून देत असे. कागदाची पिसे, काजळाचे पट्टे, कमरेला कसलीशी झालर. टाळ्या फार पडत. एके वर्षी सातपुड्यातला एक पालक नाच पाहून माझ्यापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, हे आमचे देवाचे कपडे आहेत." मला त्या बोलण्याचा अर्थ लगेच कळला नाही. पुढे अक्कलकुवा तालुक्यातील काठी ह्या गावची होळी पाहावयास गेलो, तेव्हा तो कळला. रात्रभर ढोल वाजत असतात आणि त्या तालावर अंगावर ठिपके काढलेले, कमरेला भोपळे व घुंगरे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले पुरुष नाचत असतात. पाहणाऱ्याला तो वेश दिसतो. पण तो वेश धारण करण्यापूर्वी त्या माणसाने कित्येक दिवस व्रत पाळलेले असते. खाटेवर बसणे-निजणे वर्ज्य केलेले असते, खाण्यापिण्याचे आणि वागण्याचे नियम सांभाळलेले असतात. आधी व्रत, मग वेश. मी माझ्या विद्यार्थ्यांना व्रतावाचून वेश दिला होता. आणि तोही अशा लोकांचा, ज्यांना आमच्याच बाजारात त्यांच्या नेहमीच्या कपड्यांवरून कोणी कोणी हसत असे.

वारकऱ्याच्या तुळशीमाळेची गोष्टही ह्याहून निराळी नाही. माळ घालताना कूळ विचारीत नाहीत. वारी चालवशील काय, एकादशी पाळशील काय, असे विचारतात. माळ हा जन्माचा दाखला नव्हे; तो पुढील आयुष्याचा करार आहे. माझ्या मते पूर्वजांचे वस्त्र हेही असेच धारण करावे. 'मी कोणाच्या पोटी आलो' ह्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर 'मी कोणाचे ऋण मानतो' ह्याची खूण म्हणून. पुरावा म्हणून घातलेले वस्त्र खोटे ठरू शकते; एखादी जुनी वही उघडली, एखादी रक्ताची तपासणी झाली की संपले. ऋणाची खूण मात्र तशी खोटी ठरत नाही. माणूस ते ऋण विसरला, तरच ती खोटी.

पानिपतच्या त्या तरुणांविषयीही माझे म्हणणे हेच आहे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी दूर देशी पडलेल्या माणसांची आठवण ते राखीत असतील, तर त्यांनी खुशाल फेटा बांधावा. मात्र अंधुक दंतकथेला पक्की वंशावळ म्हणू नये. जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे आणि उरलेल्यापुढे 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची लाज बाळगू नये. आणि ज्याने त्याने हेही जपावे की, आपल्या डोक्यावरचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावरचा उतरविण्याचे साधन होऊ नये. 'आम्ही अस्सल, तुम्ही बाटगे' हे वाक्य ज्या दिवशी फेट्याखालून बाहेर पडते, त्या दिवशी पूर्वजांचा मान संपतो आणि उरते ते केवळ कापड.

आता लग्नाची गोष्ट पुरी करतो. पाहुण्यांच्या बोलण्यावर मी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, ज्या घराने आजोबांना सांभाळले होते त्या घरी गेलो. आज तेथे वडीलकी आहे ती सांभाळणाऱ्यांच्या नातवाकडे. वय ऐंशीच्या घरात. मी त्यांच्यासमोर पागोटे ठेविले आणि म्हणालो, "दादा, हे तुमच्या घरचे. मुलाच्या डोक्याला बांधू का, विचारायला आलो." त्यांनी कापड हातात घेतले, उलगडले, घड्यांवर विरलेल्या जागा पाहिल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरातली तीन पागोटी कुठे गेली कोणास ठाऊक. एकाची बायकांनी पोतेरी केली, एवढे आठवते. हे चौथे तेवढे राहिले."

श्रोतेहो, ज्यांच्या वंशाविषयी शंका घ्यावयास जागा नव्हती त्यांच्या घरातून पागोटे नाहीसे झाले होते. आणि ज्याचा वंश कोणालाच ठाऊक नव्हता त्याच्या पेटीत ते जपून ठेवलेले होते. ह्यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. काळ बदलला, टोपी आली, पुढे टोपीही गेली.

मुहूर्ताच्या दिवशी दादा स्वतः आले. जुने कापड नुसत्या ताणानेच फाटू लागले, म्हणून त्याच रंगाचे नवे कापड आणविले आणि जुन्याचा एक पदर आतल्या बाजूस घेतला. त्यांचा हात थरथरत होता. दोन वेळा पागोटे सुटले, तिसऱ्या वेळी बसले. सोयरिकीतले ते वडीलधारे गृहस्थ समोरच उभे होते. मुलाने आपण होऊन त्यांना सांगितले, "काका, आमचे कूळ आम्हांला ठाऊक नाही. हे पागोटे ज्यांनी आजोबांना पोसले त्यांचे आहे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग बरोबर आहे." एवढे बोलून त्यांनी हातातल्या अक्षता त्याच्या पागोट्यावर टाकल्या.

दादांच्या नातवाने त्या दिवशी पागोटे कसे बांधावयाचे ते शिकून घेतले. मीही शिकलो.